अनुभव धागा: अकादमीच्या मेसमध्ये जेवायला शिकताना

जुळेसोलापूरकर

शेजारच्या मुलीचं एनडीएच्या (खडकवासल्याच्या सैन्यदलांच्या अकादमीच्या) मेरिट लिस्टमध्ये नाव लागलं. तिची आई पेढे घेऊन आली, सगळं कौतुक झालं आणि निघताना हळूच विचारती, "भाऊजी, हिला काट्या-चमच्यानं खायची सवय नाही ओ, तिकडं हसतील का?" म्हटलं वहिनी, सवय कुणालाच नसते, तिथं शिकवतात. पण ती गेल्यावर मी पार ऐंशीच्या दशकातल्या खडकवासल्यात जाऊन पोचलो.

आमच्या घरी जेवणाची वेळ मिलच्या भोंग्यावर. वडलांची पाळी बदलली की सगळ्यांचं बदलायचं. जो आला त्याला आईनं वाढलं, तो जेवला, ताट उचलून गेला. सगळे मिळून जेवलोय असं गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतच व्हायचं. आणि तिथं अख्खी अकादमी एका छताखाली, सगळ्या स्क्वाड्रन (कॅडेटच्या तुकड्या) एकाच वेळी जेवायला.

पहिल्या टर्मला शिकवतात ते असं: नॅपकिन मांडीवर. सूपचा चमचा आपल्यापासून पलीकडं नेत भरायचा, आवाज नाही. ब्रेड सुरीनं कापायचा नाही, हातानं तोडायचा आणि तेवढ्याच तुकड्याला बटर लावायचं. सुरी तोंडात कधीच नाही. अजून खायचं असेल तर सुरी-काटा प्लेटमध्ये फाकवून ठेवायचे, संपलं की दोन्ही शेजारीशेजारी. मीठ लांब असेल तर हात लांब करून ओढायचं नाही, शेजारच्याला मागायचं. हे महिनाभरात अंगवळणी पडतं, त्यात काही जड नाही.

जड गेलं ते वेगळंच. टेबलाचा सीनियर बसल्याशिवाय बसायचं नाही, त्यानं सुरू केल्याशिवाय घास नाही, आपलं झालं म्हणून उठायचं नाही, उठायचंच असेल तर परवानगी मागून. पहाटे पीटी, मग ड्रिल, मग क्लास, पोटात आग पडलेली, समोर भाजीचा डोंगा वाफाळतोय आणि तो आधी पुढं सरकवायचा. टेबलावर किती जण आहेत बघून आपण किती घ्यायचं हे मला तिथं कळलं. घरी आई उरलेलं खायची ते पण तिथंच डोक्यात शिरलं.

एनडीए, आयएमए आणि ओटीए (आर्मी अधिकाऱ्यांच्या अकादम्या), नेव्ही, एअरफोर्स, सैनिक स्कूल, एनसीसी कॅम्प, कुठलाही अनुभव चालेल, लिहा. त्या मुलीला धागा वाचायला देणारे.

होटगीरोडवाली

ओटीए चेन्नई. कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते.

बायकांना आर्मीत अधिकारी म्हणून १९९२ पासून घ्यायला लागले, मी त्याच्या बऱ्याच नंतरची. ४९ आठवड्यांचं ट्रेनिंग असतं. मेसमध्ये मुलगी म्हणून वेगळं काही नाही, तेच टेबल, तेच नियम, तोच टाय नीट आहे का बघणारा सीनियर. दमून आल्यावर पाठ खुर्चीला न टेकता ताठ बसून जेवायचं हे सगळ्यात कठीण, चेन्नईचा घाम आणि समोर गरम सूप, डोळे आपोआप मिटायचे. शेजारची कोर्समेट टेबलाखालून पायानं ढोसायची. ती आज कर्नल आहे आणि आजसुद्धा मी फोनवर गप्प झाले की विचारते, झोपलीस का गं.

काट्यानं इडली खाता येते, सोपं आहे. डोसा सुरीकाट्यानं खायला मात्र सराव लागतो.

कन्नाचौक

डोसा काट्यानं?? का बे असं 😀

होटगीरोडवाली

😀 रोज नाही रे, फॉर्मल असलं की. साध्या जेवणाला चपाती हातानंच तोडायचो.

एसपीआय_जुना

मला हे एनडीएच्या आधीच शिकायला मिळालं. औरंगाबादची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, म्हणजे आत्ताचं छत्रपती संभाजीनगर, महाराष्ट्र सरकारनं १९७७ ला काढलीय, मराठी पोरं अधिकारी व्हावीत म्हणून. दहावीनंतर दोन वर्षं राहायला तिथंच, अकरावी बारावी आणि एनडीएची तयारी. माझं गाव मोहोळ तालुक्यात, घरी चमचा फक्त साखरेच्या डब्यात. तिथं सांगितलं की डाव्या हातात काटा आणि उजव्या हातात सुरी, आणि बरेच काटे-चमचे मांडलेले दिसले तर बाहेरच्या बाजूनं सुरुवात करत आत यायचं. बस. एवढं एक वाक्य पुढं जन्मभर पुरलं मला, कुठल्याही मोठ्या पार्टीत बसा, बाहेरून आत.

ज्यांची मुलं आत्ता दहावीला आहेत त्यांनी एसपीआयची परीक्षा नक्की बघा, आपल्या जिल्ह्यातली पोरं कमी जातात याचं वाईट वाटतं.

अक्कलकोटरोड_काकू

माझा मुलगा आत्ता एनडीएत दुसऱ्या टर्मला आहे. सुट्टीत आला तेव्हा मी वाढत होते आणि हा हात मांडीवर ठेवून नुसता बसलेला. म्हटलं अरे खा की, गार होतंय. म्हणाला तू बस मग सुरू करतो. एवढ्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं हो घरात. त्यादिवसापासून मी पण भाकऱ्या आधी करून ठेवते आणि सगळ्यांसोबत बसते.

एक विचारायचंय, एकादशीचं काय करतात तिथं? तो फोनवर नीट सांगत नाही.

होटगीरोडवाली

काकू किती छान. वाचून डोळ्यात पाणी आलं.

जुळेसोलापूरकर

काकू, तेवढ्या मेहनतीवर उपाशी राहणं बरं नाही, त्याला मोकळेपणानं खाऊ द्या. शाकाहारी मुलांची सोय असते, दूध, पनीर, डाळ भरपूर. घरचं व्रत तुम्ही करा, त्याच्या वाट्याचं पुण्य लागेलच त्याला.

वॉर्डरूम

मी नेव्हीचा, एझिमाला. केरळात कन्नूरजवळ आहे ही अकादमी, २००९ ला सुरू झाली. सोलापूरच्या पोरानं समुद्र बघितलेला नसतो आणि एकदम समोर पाणीच पाणी, असो. नेव्हीत ऑफिसर मेसला वॉर्डरूम म्हणतात. अकादमीत शिकलेलं सगळं जहाजावर पहिल्यांदा समुद्र खवळला की नव्यानं शिकावं लागतं. जहाज हलायला लागलं की प्लेटा घसरू नयेत म्हणून टेबलक्लॉथ ओला करून पसरतात. एका हातानं प्लेट धरायची, दुसऱ्यानं खायचं, ग्लास अर्धाच भरायचा. तरी टाय सरळ आणि "पास द सॉल्ट प्लीज" चालूच. मला ते फार आवडायचं, बाहेर एवढं वादळ आणि आत माणसं एकमेकांशी अदबीनं बोलतायत.

कन्नाचौक

वॉर्डरूम सर उलटी झाली की परवानगी कुणाची घ्यायची

वॉर्डरूम

त्याला परवानगी लागत नाही मित्रा, तिथं सगळ्यांनी सूट दिलेली असते 😀

बार्शीचा_हवालदार

जय हिंद सगळ्यांना. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा, ऑफिसर नाही, रिटायर हवालदार. ऑफिसर मेसला ड्यूटी केलीय म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगतो. नवीन लेफ्टनंट साहेब अकादमीतून येतात त्यांना बाकी सगळं शिकवलेलं असतं पण डिनर नाईटला (मेसमधल्या औपचारिक जेवणाला) जरा बावरतात. आम्ही सकाळपासून तयारीत. चांदीच्या ट्रॉफ्या सिल्वो लावून घासायच्या, एकेका ट्रॉफीला पलटणीची लढाई जोडलेली असते, ते पण नव्या साहेबांना आम्ही सांगायचो. टेबल लांबलचक, त्यावर सुतळी ताणून ग्लास एका रेषेत लावायचे. वाढायचं डावीकडून, उचलायचं उजवीकडून. सगळ्यांचं लक्ष चीफ गेस्टकडं, त्यांनी सुरू केलं की सगळ्यांचं सुरू, त्यांनी सुरीकाटा खाली ठेवला की आम्ही एकदम सगळ्या प्लेटा उचलणार. त्यामुळं हळू खाणाऱ्यानं बेतानं घ्यावं. मोठे साहेब चांगले असले की शेवटचा ज्युनियर संपवेपर्यंत प्लेटमध्ये एक घास ठेवून खेळवत बसायचे. असे साहेब मी बघितलेत. त्यांच्या पलटणीत पोरं जीव टाकायची त्यांच्यावर.

रेल्वेलाईन्स

हवालदार साहेब सलाम. धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद.

जुळेसोलापूरकर

हवालदार साहेब, शेवटचा घास ठेवणारे माझे पण एक सीओ (पलटणीचे प्रमुख) होते. तुम्ही लिहिलंत आणि ते समोर उभे राहिले. जय हिंद.

आयएमए_९०

डिनर नाईटबद्दल थोडी भर. अकादमीत त्याची रंगीत तालीम घेतात. टेबलाच्या एका टोकाला मेसचे प्रेसिडेंट, दुसऱ्या टोकाला सगळ्यात ज्युनियर अधिकाऱ्यांपैकी एक, त्याला मिस्टर व्हाइस म्हणतात. जेवण संपलं की टेबल मोकळं होतं, पोर्ट वाईन डावीकडं फिरवतात, मग प्रेसिडेंट हातोडा आपटून मिस्टर व्हाइसला सांगणार आणि तो उभा राहून म्हणणार, लेडीज अँड जेंटलमेन, द प्रेसिडेंट ऑफ इंडिया. सगळे उभे, बँडवर राष्ट्रगीत, मग राष्ट्रपतींच्या नावानं ग्लास उचलायचा. मी व्हाइस होतो त्या रात्री पाय थरथरत होते पण आवाज खणखणीत निघाला, अजून कानात आहे. टेबलावर राजकारण, धर्म, ऑफिसचं काम आणि बायकांची नावं काढायची नाहीत हा पण जुना नियम.

आणि हवालदार साहेबांनी सांगितलं त्याचं मूळ डेहराडूनला चेटवूड हॉलमध्ये लिहिलेलं आहे. फील्ड मार्शल चेटवूड १९३२ ला आयएमएच्या उद्घाटनात बोलले ते, देश आधी, मग तुमच्या हाताखालची माणसं, त्यांचा मान आणि सुख, आणि स्वतःचा आराम सगळ्यात शेवटी, नेहमी आणि दरवेळी. आम्ही फील्डला होतो तेव्हा कंपनीतल्या जवानांचं लंगरचं (त्यांच्या स्वयंपाकघरातलं) जेवण झाल्याशिवाय ताट हातात घेत नव्हतो. ते कुणी वेगळं शिकवलं नाही, रोज मेसमध्ये दुसऱ्यासाठी थांबून थांबून आलेलं.

भैयाचौक_वहिनी

माझे मिस्टर आर्मीत. लग्नानंतर पहिल्या मेस पार्टीला मी इरकल नेसून गेले, आईनं दिलेली. सगळ्या लेडीजनी हात लावून बघितली, कुठली, कितीची, मग अर्धा तास सोलापूर आणि इरकलवरच. बुफे असला की आधी लेडीज वाढून घेतात, मग अधिकारी. पण मला खरा आवडतो तो बडा खाना. त्यादिवशी अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात, सगळी कुटुंबं, मुलं पंगतीतून पळतायत, सीओ साहेब फिरून विचारतायत पनीर मिळालं का. आपल्या लग्नाच्या पंगतीत यजमान फिरतो तसंच.

कन्नाचौक

वहिनी इरकल कुठून घेतलेली, बहिणीचं लग्न आहे

भैयाचौक_वहिनी

आईनं घेतलेली रे, विचारून सांगते. नवी पेठेत फिर, मिळेल.

रेल्वेलाईन्स

कुणाला आत्ताचं एसएसबीचं (अधिकारी निवडीच्या परीक्षेचं) माहितीय का, भोपाळला पुतण्याचं आहे. पाच दिवस तिथं जेवताना पण मार्क असतात म्हणे?

एसपीआय_जुना

जेवताना मार्क वगैरे काही नसतात. मानसशास्त्राच्या टेस्ट, ग्रुप टास्क आणि इंटरव्ह्यू याच्यावर असतं. पुतण्याला म्हणावं पोटभर जेव, सगळ्यांशी बोल, ग्रुपमध्ये गप्प बसणाऱ्या पोराला पण बोलायला जागा दे. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग असतं, त्यात राहिला नाही तरी खचून यायचं नाही, परत द्यायचं.

अक्कलकोटरोड_काकू

आमचा पण पहिल्या वेळी स्क्रीनिंगमधूनच परत आला होता. दुसऱ्या वेळी झालं. पुतण्याला माझा आशीर्वाद सांगा. आणि भोपाळला जाताना थंडीचं घ्यायला सांगा अंगावर.

रेल्वेलाईन्स

सांगतो काकू 🙏