'डेटा रिटेन्शन'ला जतन म्हणावं का?

राजारामपुरीची अनुवादक: वकील मैत्रिणीच्या व्याख्यानाची टिपणं मराठीत करतेय. कुणी कुणाला कधी, किती वेळ फोन केला, याच्या नोंदी कंपन्यांनी ठेवायच्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून ही मुदत किमान एका वर्षाची दोन वर्षं झाली. मी 'नोंदींचे जतन' लिहिलं. ती म्हणाली, "जतन आज्जीच्या नथीचं करतात. माझ्यावर नजर ठेवायला ठेवलेल्या नोंदींचं कसलं जतन?" काय लिहू?

मोडीवाचक: 'दप्तरी ठेवणे' लिहा की. आमच्या जुन्या कागदांचे रुमाल बांधून दप्तरीच ठेवायचे.

शुद्धमराठी: दप्तर फारसी आहे. शिवरायांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला? 'धारण' घ्या.

मोडीवाचक: मग 'कायदा' कुठला? तोही अरबीच. आणि धारण म्हटलं की मला राधानगरीचं धरण आठवतं. दोन्ही एकाच धातूचे, पण पाणी अडवणं वेगळं.

कागलकर: 'राखण' चालेल का? आमच्याकडं भुईमुगाची राखण करतात. पण राखणदार मालकाचा माणूस असतोय. इथं नोंद माझी, राखणार कंपनी, मागणार तिसराच. युरोपात २००६ चा असलाच नियम होता, सहा महिने ते दोन वर्षं. तिथल्या न्यायालयानं २०१४ ला तो रद्द केला. संशय असो-नसो, सरसकट सगळ्यांच्याच नोंदी ठेवल्या जात होत्या, हे त्यातलं मोठं कारण.

पोलिसाची लेक: तिसराच म्हणू नका, दादा. बाबा हरवलेल्या पोरी शोधायचे. शेवटचा फोन कुठल्या टॉवरवरून झाला हे कळलं की शोधाला दिशा मिळायची. त्या आईबापांसाठी ते जतनच होतं.

कागलकर: ताई, ते पटतं. त्या पोरीची नोंद मागा. सगळ्या गावाची कशाला?

निवृत्त मास्तर: खरा घोळ 'गोपनीयता' या शब्दात आहे. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, ती सरकारची गुपितं राखायची. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी मूलभूत अधिकार मानला, तो माझ्या खासगी आयुष्याचा. वर्तमानपत्रं त्यालाही गोपनीयताच म्हणतात. सरकारनं झाकायचं आणि माझ्यात डोकावायचं नाही, या दोन्हींना एकच शब्द? 'खासगीपणा' म्हणा.

शुद्धमराठी: सर, खासगीही फारसीच. आणि आता खासगी म्हटलं की लोकांना शाळा नाहीतर वडापच्या जीपगाड्या आठवतात.

निवृत्त मास्तर: आठवू दे. संस्थानात 'खासगी' म्हणजे राजाच्या घरचा कारभार. तो शब्द रयतेच्या घरापर्यंत आला, हे मला फार मोलाचं वाटतं.

मोडीवाचक: जतन मूळचा 'यत्न' बरं का. त्यात माया नंतर आली.

राजारामपुरीची अनुवादक: माझं वाक्य तिथंच अडलंय. सध्या 'नोंदी दोन वर्षे ठेवाव्यात' एवढंच लिहिलंय. मैत्रीण विचारतेय, मुदतीनंतर त्या पुसण्याला काय म्हणायचं?

शुद्धमराठी: 'विलोपन'.

कागलकर: आवो, पुसणं म्हणा की!