मदत हवी आहे: उणे उत्तर कधी खोडायचं?

नमस्कार मंडळी. अकरावीतल्या भाचीनं पेचात टाकलंय. खोलीची रुंदी काढताना वर्गसमीकरणातून ९ आणि −१२ अशी उत्तरं आली की आपण उणे उत्तर बिनदिक्कत खोडतो. ती म्हणते, मग भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकनं का नाही खोडलं?

प्रश्न रास्त आहे. त्याच्या १९२८ च्या इलेक्ट्रॉनच्या समीकरणातून ऋण ऊर्जेची उत्तरंही निघाली. ती त्यानं टाकली नाहीत. १९३१ मध्ये त्यांतूनच इलेक्ट्रॉनएवढ्या वस्तुमानाचा, पण धनभारित कण असणार असं सांगितलं. पुढच्याच वर्षी अँडरसन या भौतिकशास्त्रज्ञाला वैश्विक किरणांच्या (अवकाशातून येणाऱ्या कणांच्या) फोटोत इलेक्ट्रॉनच्या उलट बाजूला वळलेली रेघ दिसली. तोच पॉझिट्रॉन!

तर गणितातलं कुठलं उत्तर खऱ्या जगातलं आणि कुठलं नुसतं कागदावरचं, हे प्रयोगाआधी ओळखायची काही खूण असते का? 'प्रयोग ठरवतो' हे सांगून झालं, तिला पटत नाही. (मलाही पुरतं नाही.) गणित निसर्गाला इतकं चपखल कसं लागू पडतं, यावरचा भौतिकशास्त्रज्ञ विग्नरचा १९६० चा लेख वाचला, कोडं झकास मांडलंय, सोडवलेलं नाही.

आयुकात (पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था) किंवा पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात कुणी असाल तर मराठीत समजावाल का? आम्ही सदाशिव पेठेत असतो, रविवारी औंध रस्त्याला यायचीही तयारी आहे. चहा आमच्याकडून.