कागदपत्रांविना वाढलेल्या मुलीला शाळेत प्रवेश कसा मिळाला?

प्रश्न

नमस्कार. चिएन ज्युली वांग यांचे ‘ब्यूटिफुल कंट्री’ हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन नुकतेच वाचले. १९९४ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, लेखिका चीनहून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आली. मायदेशी प्राध्यापक असलेल्या तिच्या आईला येथे कपड्यांच्या कारखान्यात राबावे लागले आणि शाळा सुटल्यावर ही मुलगीही आईशेजारी बसून शिवलेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कातरत असे. अमेरिकेत राहण्याची कागदपत्रे नसल्याने, कोणी विचारलेच तर ‘माझा जन्म इथलाच’ असे सांगायचे, हे वडिलांनी तिच्याकडून पक्के करून घेतले होते. घरात एवढी धास्ती असताना सरकारी शाळेत तिचे नाव कसे घालता आले? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

शाळेचे दार न्यायालयामुळे उघडे राहिले. कागदपत्रे नसलेल्या मुलांच्या शिक्षणाला पैसे नाकारणारा टेक्सास राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी रद्दबातल ठरवला. आईवडिलांच्या कृतीची शिक्षा लेकरांनी भोगू नये, हा त्यामागचा एक मुख्य विचार होता. मात्र हे संरक्षण मुलांच्या शाळेपुरतेच. म्हणूनच पुस्तकातली आई दुखणे अंगावर काढते, ते वाचताना जीव कासावीस होतो.

उत्तर २

पाठ करून घेतलेल्या त्या वाक्याला फार जुना इतिहास आहे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी झाली. पुढे १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी नष्ट झाल्यावर अनेकांनी आपला जन्म तिथलाच असल्याचे सांगितले आणि चीनमध्ये मुलगे असल्याची नोंद करून त्या मुलग्यांच्या नावाने अमेरिकेत येण्याची संधी इतरांना विकली. अशा ‘कागदी मुलां’ची सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतील एंजल बेटावरच्या तपासणी केंद्रात कसून उलटतपासणी होई: घराला पायऱ्या किती, तांदळाची कोठी कुठे, शेजारी कोण राहते. बोटीवर उत्तरे घोकायची आणि किनारा दिसण्याआधी तो कागद समुद्रात टाकायचा. कित्येक कुटुंबे त्या उसन्या आडनावानेच पुढे जगली. वांग यांचे कुटुंब त्यांपैकी नव्हे, तरीही मुलाच्या तोंडी उत्तर बसवण्याची ती धडपड मला तीच वाटते.

उत्तर ३

‘मग त्यांनी रीतसर कागद का केले नाहीत?’ असे आपल्याकडे सहज विचारले जाते. व्हिसाची मुदत उलटून गेलेल्यांना मार्ग फार थोडे उरतात, आणि १९९६ च्या कायद्याने ते आणखी अरुंद केले: वर्षाहून अधिक काळ विनापरवाना राहून देशाबाहेर पडलेल्याला दहा वर्षे परत येण्यास बंदी. वांग कुटुंबाला अखेर कॅनडाचा रस्ता धरावा लागला.

मी न्यू जर्सीत राहते आणि ग्रंथालयात मुलांना वाचायला शिकवते. एकदा कार्डाचा अर्ज भरताना आठ-नऊ वर्षांच्या एका चिनी मुलीने वळणदार अक्षरात नाव लिहिले, पत्त्याच्या रकान्यापाशी मात्र पेन्सिल थांबवली आणि आजीकडे पाहिले. आजीने हलकेच मान हलवली. मुलीने अर्जाची घडी घालून ती दप्तरात ठेवली आणि हातातले पुस्तक तिथेच, माझ्याशेजारी बसून, शेवटच्या पानापर्यंत वाचले. तिच्या घरची हकिगत मी विचारली नाही.