मदत हवी आहे : ‘इन ड्यू कोर्स’चा नेमका अर्थ आणि उत्तर कसं द्यावं?

मंडळी, नमस्कार. आमच्या रावेरच्या शेतकरी गटाची केळी आखाती देशात गेली. माल उतरला, खरेदीदाराने तपासणीत पास केला. करारात माल पोचल्यावर 15 दिवसांत उरलेले पैसे, असं स्पष्ट आहे. मुदत उलटली म्हणून मेल केला, तर एकाच ओळीचं उत्तर आलं : ‘बॅलन्स पेमेंट विल बी मेड इन ड्यू कोर्स.’

शब्दकोशात ‘यथावकाश’, फोनवरच्या भाषांतरात ‘योग्य वेळी’ एवढंच मिळतं. भुसावळचे एक निवृत्त बँकवाले काका म्हणाले, 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात कलम 10 मध्ये ‘पेमेंट इन ड्यू कोर्स’ची व्याख्याच आहे. ती वाचली, पण ती चेक, हुंडी, वचनचिठ्ठीबद्दल. आमचं पेमेंट सरळ बँक ट्रान्सफरने येतं, त्यामुळे ती इथे लागू व्हावी असं वाटत नाही.

फोन लावून झाला, उचलत नाहीत. वकिलाची नोटीस आत्ताच नको; पुढचा कंटेनरही त्यांनाच द्यायचा आहे. पण गटातल्या लोकांना खत-मजुरीचे पैसे द्यायचेत, नुसत्या ‘होईल’वर त्यांना किती थांबवणार?

व्यापारी इंग्रजीत रोज लिहिणाऱ्यांनी सांगावं : या शब्दांत ठरल्या मुदतीत देण्याची हमी येते, की ‘आमच्या सवडीने देऊ’ एवढंच? आणि संबंध न बिघडवता पक्की तारीख मागायला इंग्रजीत नेमकं कोणतं वाक्य लिहू?