शब्दचर्चा: ओपन एअर म्युझियमला मराठीत काय म्हणायचं?

नौपाडेकर: कॉलेजच्या प्रकल्पासाठी अंबरनाथच्या शिवमंदिराभोवती ओपन एअर म्युझियमचा आराखडा करतेय. अहवाल मराठीत द्यायचाय. गटाने 'मुक्ताकाश वस्तुसंग्रहालय' लिहिलं, तर आई म्हणाली, म्हणताना धाप लागते. 'खुलं संग्रहालय' म्हटलं की तिकीट नाही असं वाटतं. 'उघड्यावरचं' तर नकोच, संसार उघड्यावर पडल्यासारखं होतं. शिवाय 'आलय' म्हणजे घर ना? मग बिनछपराचं घर कसं?

वाशीचा वाटसरू: आलयाला छप्पर लागतंच असं कुठाय? हिमालयावर कुणी पत्रे घातलेत? तुमच्याच देवळात बघा. वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जा आणि मान वर करा, थेट आभाळ दिसतं. तरी ते देवालयच. 'मुक्ताकाश' मलाही परका वाटतो. आपण 'खुला रंगमंच' म्हणतो, तसं 'खुलं' चालून जाईल. तिकिटाचं काय ते खिडकीवर कळेलच.

मासुंदा: मला 'आलय'पेक्षा 'संग्रह' खटकतो. संग्रह म्हणजे गोळा करणं. स्टॉकहोमचं स्कान्सेन हे ओपन एअर म्युझियम १८९१ साली उघडलं, तिथे स्वीडनभरातली जुनी घरं सुटी करून आणून पुन्हा उभी केली. तो खरा संग्रह. अंबरनाथचं देऊळ शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० पासून वालधुनीच्या काठी आहे तिथेच आहे. तुम्ही काय गोळा करणार? कागदावर 'संग्रहालय' आलं की कुणाला तरी हुक्की येते, आसपासच्या गावातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, उचलायचे आणि सिमेंटच्या चौथऱ्यावर शाळेच्या प्रार्थनेसारखे ओळीत उभे करायचे. दगड कुठल्या वेशीवर होता, त्याचं तोंड कुठे होतं, सगळं गेलं मग.

मी 'पुरातत्त्व आवार' म्हणेन. देवळाचं आवार, वाड्याचं आवार, रोजच्या तोंडातला शब्द आहे, आणि आवारात जे असतं ते आपापल्या जागीच असतं. 'उद्यान' मात्र नको, त्यामागोमाग कारंजं येतं. 'मध्ययुगीन'ही फार ढगळ, त्यात शिलाहार, यादव, सुलतान सगळे मावतात. देऊळ शिलाहार राजांच्या काळातलं, तर सरळ 'शिलाहारकालीन' लिहा.

नौपाडेकर: आवार आवडलं! अजून एक. फलकाच्या मजकुरात 'गधेगाळ' लिहिलं, तर गटातल्या एकाने विचारलं, कुठल्या तलावातून काढलेला? ठाणेकरच तो, गाळ म्हटलं की दुसरं काय सुचणार.

मासुंदा: 😄 'शिवीगाळ'मधला गाळ तो. दगडावर वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई, आणि राजाने वगैरे दिलेलं दान मोडणाऱ्याला आईवरून दिलेली शिवी. वीरगळातला 'गळ' वेगळा, तो कानडी 'कल्लु', म्हणजे दगड. काही जण इथेही तोच धरतात आणि 'गधेगळ' लिहितात. मला शिवीच पटते, कारण त्या दगडाचं काम तेच आहे. फलकावर शिवीचा अर्थ किती उघड लिहायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. शाळांच्या सहली येणार.

वाशीचा वाटसरू: नकाशावर 'मनाई हद्द' वगैरे लिहू नका. देऊळ केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटर 'प्रतिबंधित क्षेत्र' आणि त्यापुढचे २०० मीटर 'विनियमित क्षेत्र'. दुसरा शब्द बोजड आहे खरा, पण इथे तोच ठेवा. 'नियंत्रित' सोपा, पण तो गर्दीलाही लागतो, तापमानालाही. इथे मुद्दा परवानगी घेऊन बांधण्याचा आहे. आणि तिकीटघर पहिल्या १०० मीटरांत काढलं असेल, तर आधी ते खोडा.

नौपाडेकर: काढलं होतं 🙈 उपाहारगृहसुद्धा. दोन्ही खोडलं. मुखपृष्ठावर आता 'अंबरनाथ: शिलाहारकालीन पुरातत्त्व आवार'. आज सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, दोनदा वाचलं आणि विचारलं, "आवारात गाड्या किती लागतील?"