लिंकमधला आकडा बदलला आणि शेजाऱ्याचा चुकारा दिसला: सुरक्षा आधी की ॲप आधी?

वर्धाकाठ (धागा सुरू)
आमच्या तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने मागच्या हंगामात कापूस खरेदीचं ॲप आणलं. काटा झाला की एसएमएस, त्यात लिंक, लिंकवर हिशेबपट्टी: वजन, भाव, चुकाऱ्याची रक्कम, बँक खातं, अख्खा आधार नंबर. बाबांची पट्टी बघताना लिंकच्या शेवटी ४१७ दिसलं. मी ४१८ टाकलं, तर शेजारच्या काकांची पट्टी उघडली, खात्यासकट. तिथेच थांबलो आणि कंपनीला फोन केला.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले, कारण ॲपला लॉगिनच नव्हतं. बघणारा कोण, हे ओळखायची सोयच नाही, मग अडवणार कोणाला? सगळ्या सभासदांची नोंदणी ऐन खरेदीत नव्याने करावी लागली. त्या दिवसांत काकांचा चुकारा जमा झाला त्याच संध्याकाळी उधारीवाला दारात हजर होता. त्याला कुठून कळलं ते मी सिद्ध करू शकत नाही. पण काकांचा चेहरा मी पाहिलाय.

अमेरिकेत २०१९ मध्ये फर्स्ट अमेरिकन या कंपनीची घरखरेदीची कागदपत्रं, ८८ कोटींहून अधिक नोंदी, अशाच आकडा बदलून उघडत होत्या. म्हणजे चूक जुनीच आहे. माझं म्हणणं एवढंच: पहिली स्क्रीन काढायच्या आधी कागदावर लिहा, कोणाला काय दिसेल आणि काय साठवायचंच नाही.

पांढरं सोनं
भाऊ, मी असली ॲप्स बनवतो, म्हणून बोलतो. काम हाती येतं पोळ्यानंतर, खरेदी सुरू होते दसरा-दिवाळीला. दोन पोरं आणि तुटपुंजं बजेट. आधी सुरक्षेचा आराखडा करत बसलो तर हंगाम निघून जातो आणि शेतकरी परत वहीवर येतो. तुमच्या ४१७ ला तासाभराचा उपाय होता: क्रमांकाऐवजी लांबलचक, अंदाज न येणारा कोड. विषय संपला असता.

वर्धाकाठ
नाही संपत. ती लिंक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड झाली की कोड कितीही लांब असो, पट्टी उघडीच. आणि पट्टीवर अख्खा आधार कशाला हवा? शेवटचे चार आकडे पुरले असते. नको ती माहिती घेतलीच नसती तर ती फुटलीही नसती, आणि याला एक पैसा जास्त लागत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही हेच आहे, कामापुरतीच माहिती घ्या.

जिनिंगवाला
मी कम्प्युटरवाला नाही, पन एक सांगतो. आमच्या जिनिंगात कापसाच्या गंज्या एकीले एक लावून रचत नाहीत. मधात जागा सोडतात. आग लागली तं एक गंजी जाते, सारा माल नाही. आग लागल्यावर म्हनसान का आता मधात जागा करा, तं कोन करन? रचतानाच सोडा लागते राजेहो.

पांढरं सोनं
गंजीचं पटलं, आधारचंही पटलं. पण लॉगिनचं नाही. शेतात टॉवर नाही, ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपते. साठीतले आजोबा तीनदा चुकले की सेतू केंद्रावर जातात, आणि तिथला पोरगा सगळ्यांचे पासवर्ड एकाच वहीत लिहून ठेवतो. तुमच्या सुरक्षेने माहिती सर्व्हरवरून वहीत आणली, एवढंच.

वर्धाकाठ
ही वही मलाही खटकते. पण तुम्ही जे सांगताय तोही आराखड्याचाच भाग आहे. सॉल्टझर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये संरक्षणाची आठ तत्त्वं मांडली. त्यात जसं ‘परवानगी दिलेली नसेल तर बंद’ हे तत्त्व आहे, तसंच वापरणाऱ्याला सहज जमेल अशी रचना हवी, हेही आहे. काट्यावरच छापील पट्टी हातात द्या. मोबाइलवर फक्त ‘चुकारा जमा’ एवढा निरोप. मग आजोबांना लॉगिन लागतच नाही. पण हे सुचायला काट्याजवळ दोन दिवस उभं राहावं लागतं, कोड लिहायच्या आधी.

सेतूताई
त्या वह्या मी रोज बघते, म्हणून लिहिते. तुम्ही सगळे ‘शेतकऱ्याचा मोबाइल’ म्हणताय. माझ्याकडे कितीतरी बाया येतात, सातबारा त्यांच्या नावावर, नवरा वारलेला, आणि नोंदवलेला नंबर दिराचा. ‘चुकारा जमा’ हा निरोप पहिल्यांदा त्याच्या हातात पडतो. परवा एक जण विचारत होती, ताई, माझ्या खात्यात पैसे आले का ते त्याला न कळता मला कळेल का? यात तुमचं लॉगिन काय करणार?

पांढरं सोनं
ताई, आमच्या नोंदणी फॉर्ममध्ये मोबाइलचा एकच रकाना आहे. तो कोणाचा, हे आम्ही आजवर कधी विचारलंच नाही. आता तो रकाना बदलायचा तर जुन्या सगळ्या सभासदांकडे पुन्हा जावं लागेल.

सेतूताई
जा. मी सोबत येते. दुपारी दोननंतर या, तेव्हा बाया वावरातून आलेल्या असतात आणि दीर घरी नसतात.