एलव्ही लहान केला की डेटा 'जातोच' म्हणे!

रूटकाका: काल या लिनक्स फोरमवर एलव्हीबद्दल (लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरचा लहान-मोठा करता येणारा कप्पा) एका महाशयांनी फर्मान काढलं, 'एलव्ही कधीही लहान करू नका, डेटा जातोच.' जातोच? मी पंचवीसेक वेळा केलंय. कप्प्यातली फाइलसिस्टम (फाइली मांडायची पद्धत) एक्स्ट४ असेल तर अनमाउंट करा म्हणजे वापरातून काढा, ई२एफएससीके -एफ चालवून ती तपासा, रिसाइझ२एफएसने आधी फाइलसिस्टम आवळा आणि मग एलव्हीरिड्यूसने कप्पा. बरणी लहान करायची तर आधी लोणचं काढावं लागतं. तुम्ही बरणीच फोडलीत, तर दोष कुणाचा?

धायरीवाला: फर्मान माझंच. ऑफिसच्या सर्व्हरवर ३०० जीबीतून ५० कमी करायचे होते. एलव्हीरिड्यूसला आकार सांगणाऱ्या -एल नंतरचं वजा चिन्ह राहिलं, एलव्हीच ५० जीबीचा झाला. वॉर्निंग आली होती, मी झोपेत 'वाय' दाबलं. रात्री अडीचला साहेबांना फोन केलाय कधी?

रूटकाका: सोबत -आर (आधी फाइलसिस्टम आवळायला लावणारा पर्याय) दिला असतात तर डेटा ५० जीबीत मावत नाही म्हणून रिसाइझ२एफएसनेच हात वर केले असते. आणि मोकळ्या जागेत दुसरं काही लिहिलं गेलं नसेल, तर व्हीजीसीएफजीरिस्टोर या कमांडने जुना मेटाडेटा, म्हणजे कप्प्यांच्या आकारांची नोंद, परत येतो.

धायरीवाला: अडीच वाजता कुठे होतात तुम्ही?

पेठेतला_पेंग्विन: एक्स्ट४चं कौतुक पुरे. रेड हॅट लिनक्स ७ पासून, म्हणजे २०१४ पासून, डिफॉल्ट फाइलसिस्टम एक्सएफएस. वाढवता येतं, लहान करायची सोय नाही. वर ७ चा इन्स्टॉलर रूटला (सिस्टमच्या कप्प्याला) ५० जीबी द्यायचा नि उरलेलं सगळं होमला (आपल्या फाइलींच्या कप्प्याला). रूट तुडुंब, होममध्ये शुकशुकाट! मग बॅकअप घ्या, होम उडवा, नव्याने बांधा. त्यापेक्षा पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, नवी डिस्क आणलेली बरी.

वारजे_नोड: कमांडांचं सोडा. माझं रिसाइझ२एफएस अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. गुरुवार होता, दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार.

पेठेतला_पेंग्विन: गुरुवारी डिस्कला हात लावणारा माणूस पुण्याचा नव्हेच.

वारजे_नोड: आमच्याकडे मंगळवारीही जाते! पेठेत बसून शिकवू नका.

कर्वेनगरी: इन्व्हर्टर घ्या ना. माझं मशीन कधी बंद पडलं नाही.

वारजे_नोड: इन्व्हर्टर आणि यूपीएस एकच का? इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर लागतो, त्या झटक्यात डेस्कटॉप रिबूट होतो. तुमचा लॅपटॉप असणार.

कर्वेनगरी: आहे लॅपटॉप. मग? त्याला बॅटरी आहे हा माझा गुन्हा?

वारजे_नोड: मग सल्ले कशाला देता!

रूटकाका: धागा एलव्हीचा आहे हो, बॅटरीचा नाही.

धायरीवाला: बरं, 'जातोच' मधला 'च' मागे घेतो. खूश?

रूटकाका: बॅकअप होता का तेवढं सांगा.

धायरीवाला: होता. त्याच एलव्हीवर.